सिद्धूच्या शर्टाचा रफू

आमच्या घरात फाटकं कापड कधी सुखानं राहिलं नाही. माझ्या नवऱ्याची नजर पडली की संपलं. पाहुण्यांकडे जेवायला बसलो तरी हे ताटाकडे कमी आणि पडद्याच्या भोकाकडे जास्त बघणार. एकदा एका लग्नात नवरदेवाच्या मामांच्या कोटाला सिगारेटचं छिद्र दिसलं, तर अक्षता पडायच्या आधीच त्यांना बाजूला घेऊन म्हणाले, "कोट काढा, पंगत उठंस्तवर देतो." मी लाजेनं मेले. चाळीस वर्षं हे सोसलं, आणि खरं सांगायचं तर मनातून मला त्याचा अभिमान होता. आता नाही.

यांचं नाव नाथाजी. सगळे मास्तर म्हणतात, मीही म्हणते. कराडजवळच्या मलकापुरात आमच्या घराच्या पुढच्या खोलीवर 'नाथाजी रफूगर' अशी पाटी आहे. हल्लीची पोरं ती वाचून विचारतात, रफूगर हे आडनाव कुठलं? रफूगर म्हणजे फाटलेलं, जळलेलं, उंदरानं कुरतडलेलं कापड सुईनं धागा धागा विणून होतं तसं करणारा माणूस. ठिगळ लावायचं नाही, शिवण दिसू द्यायची नाही. ज्या कापडाला भोक पडलंय त्याच्याच आतल्या दुमडीतून धागे ओढून काढायचे आणि त्यांनीच भोक भरायचं. पूर्वी कराडातले वकील, डॉक्टर, सुट्टीवर आलेले फौजी गरम कपडे घेऊन आमच्या दारात उभे असायचे. आता कापड फाटलं की लोक टाकून देतात. सांगलीपर्यंत शोधलं तरी दुसरा रफूगर मिळेल की नाही, कोण जाणे.

सिद्धू आमच्या मागच्या खोलीत तीन वर्षं भाड्यानं राहिला. जतकडचा, धनगराचा पोरगा. आई हरणाबाई मेंढरांच्या मागे फिरायची आणि हा हायवेच्या कडेला भाऊसोंच्या भंगाराच्या यार्डात कामाला होता. तिथं जुने पत्रे, डबे, गाड्यांचे मोडके भाग मशीनमध्ये घालून दाबायचे, त्यांचे चौकोनी गठ्ठे करायचे आणि ट्रकमध्ये भरायचे. संध्याकाळी काळाकुट्ट होऊन यायचा, नळाखाली तासभर घासत बसायचा, मग मास्तरांच्या समोर पाय पसरून बसून त्यांची चेष्टा करायचा.

"मास्तर, हितं काय बसलाय? आमच्या यार्डात चला. तितं टेंपो भरभरून भोकं हायत."

"तुझ्या तोंडाला रफू करतो आधी, सुक्काळीच्या," असं म्हणून मास्तर खूष व्हायचे. आमची एकुलती एक मुलगी पुण्याला. घरात बोलणारं माणूस पाहिजे असतं हो.

या पोराची एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. त्याचा बाप दारूपायी गेला. बाप गेल्यावर अठराव्या वर्षी सिद्धूनं गावात बिरोबापुढे भंडारा उचलून शपथ घेतली होती की, दारूच्या थेंबाला शिवणार नाही. देवाची हळद हातात घेऊन केलेली शपथ. ती मोडली तर देव घरादाराला बघून घेतो, असं ती माणसं मानतात. एकदा त्याला खोकला झाला म्हणून मी औषधाची बाटली दिली, तर त्यानं ती उजेडाकडे धरून विचारलं, "काकू, ह्यात दारू असती म्हणत्यात. खरं हाय का?" मला वाचून सांगता येईना. त्यानं बाटली परत ठेवली आणि आठ दिवस मीठ-पाण्याच्या गुळण्या करत खोकत बसला. असा होता तो.

गेल्या वर्षी पौषात, भर दुपारी फोन आला. सिद्धूला दवाखान्यात नेलंय. आम्ही धावलो. त्याच्या बरोबर काम करणारा एक बिहारचा माणूस दाराशी रडत उभा होता. त्यानं मास्तरांना सांगितलं की मशीनच्या दातऱ्यात बाही अडकली, सिद्धू ओढला गेला आणि डोकं लोखंडावर आपटलं. हरणाबाई तेव्हा कोरेगावच्या बाजूला मेंढरं बसवून होती. निरोप पोचून ती यायला दीड दिवस गेला. तिसऱ्या दिवशी सिद्धू गेला. शुद्धीवर आलाच नाही.

भाऊसो स्मशानात आले होते. पांढरा शर्ट, हात जोडलेले. हरणाबाईला म्हणाले, "मावशी, पोरगा माझाच हुता. काय लागलं तर सांगा." मला वाटलं, मोठ्या मनाचा माणूस आहे. दवाखान्याच्या कागदावर यार्डाच्या माणसांनी काय लिहून दिलंय ते आम्हाला कुणाला ठाऊक नव्हतं. मशीननं ओढला हे सगळ्या मलकापूरला माहीत होतं. जे सगळ्यांना माहीत आहे ते कधी सिद्ध करावं लागेल, असं आमच्या डोक्यातही आलं नाही.

दवाखान्यानं त्याचे कपडे प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून हरणाबाईच्या हातात दिले होते. जाताना ती पिशवी तिनं माझ्याकडे दिली.

"वैनी, आमी रानात पडल्याली माणसं. आज हितं, उद्या तितं. कुठं ठिवू? तुमच्याकडं असू द्या. माझ्या पोराची तेवढीच वस्तू हाय. माघारी फिरलो की नेते."

मी म्हटलं, "तुमी काळजी करू नका."

पुढचं मी आधीच सांगून टाकते, कारण नंतर सगळे मास्तरांनाच बोलले. शर्ट मी धुतला. मी, मंगलनं.

आठ दिवसांनी पिशवीचा वास यायला लागला म्हणून मी ती उघडली. निळ्या-पांढऱ्या चौकड्यांचा शर्ट. दिवाळीला घेतलेला. उजवी बाही मनगटापासून कोपराच्या वरपर्यंत फाटून लोंबत होती. कडेला दातऱ्यांच्या खुणा होत्या, एकसारख्या अंतरावर, आणि दोन-तीन ठिकाणी कापडाचा तुकडाच गेलेला. गंजाचे लाल डाग, काळं ग्रीस, आणि खांद्यावर वाळून कडक झालेलं रक्त. मी न्हाणीघरात बसून खूप रडले. मग ग्रीसला रॉकेल लावलं, गंजाला लिंबू-मीठ चोळलं, रक्तासाठी गार पाण्यात रात्रभर भिजत घातला. तीन वेळा धुतला. आईच्या हातात आपण हे असं कसं द्यायचं, एवढंच डोक्यात होतं. मेलेल्या माणसालासुद्धा आपण अंघोळ घालतोच की.

दोरीवर वाळत घातलेला शर्ट मास्तरांनी बघितला. लोंबणारी बाही हातात घेतली. मग म्हणाले, "ही बाही बघितली की त्या माउलीला रोज दिसंल पोराला कसं वडलं ते. असं न्हाई द्यायचं."

मी म्हणाले, "करा."

अकरा दिवस ते दुसऱ्या कामाला शिवले नाहीत. चौकड्यांच्या कापडावर रफू करणं सगळ्यात अवघड. निळी रेघ निळ्या रेघेलाच मिळायला हवी, एक धागा सरकला तरी डोळ्याला खुपतं. त्यात तुकडे गेलेले. म्हणजे तिथं रफू नव्हे, नवं कापडच विणायचं. शर्टाच्या खालच्या दुमडीतून, कॉलरच्या आतून, खिशाच्या मागून त्यांनी एकेक धागा ओढून काढला आणि माझ्या पोळपाटावर रंगाप्रमाणे मांडून ठेवला. ते अकरा दिवस मी पालथ्या परातीवर चपात्या लाटल्या. मास्तरांचा एक डोळा मोतीबिंदूचा, दुसऱ्यावर भिंग. उजेड असेल तेवढा वेळ उंबऱ्यावर बसायचे आणि सुई चालवता चालवता सिद्धूला शिव्या द्यायचे. "गाढवा, बाही वर करायला काय झालं हुतं तुला? दोन घड्या घालायला काय झालं हुतं?"

बाराव्या दिवशी त्यांनी शर्ट माझ्या मांडीवर टाकला. "कुठं फाटलं हुतं, सांग."

मी उलटा केला, सुलटा केला, उन्हात धरला. सापडेना. चाळीस वर्षं यांचं काम बघितलेलं मी, मला सापडेना. मास्तर लहान पोरासारखे हसले आणि हसता हसता रडायला लागले. मी इस्त्री केली, कडुनिंबाचा पाला घालून ट्रंकेत ठेवला. त्यांच्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम होतं ते. ते दिवस आठवले की अजून मला स्वतःला दोन थोबाडीत माराव्याशा वाटतात.

वैशाखात हरणाबाई आली. बरोबर कराडच्या वकीलबाई होत्या, संयोगिता नावाच्या, वयानं आमच्या मुलीएवढ्या. हरणाबाई निम्मी झाली होती. चहाला हातही लावला नाही. तिनं सांगितलं ते असं. भाऊसोंनी लिहून दिलं होतं की त्या दिवशी सिद्धू कामावर नव्हताच. दारू पिऊन हायवेला पडला आणि आमच्याच माणसांनी माणुसकीनं दवाखान्यात नेला. ही बातमी तिच्या गावापर्यंत गेली. जत्रेत ती बिरोबाला गेली तर बायका तिला वाट देईनात. सिद्धूनं भंडारा मोडला म्हणून देवानं नेला, असं माणसं तिच्या तोंडावर बोलली.

"मला भाऊसोचं काय बी नगं," हरणाबाई म्हणाली. "पोरगं कामावर मेलं, दारूत न्हाई मेलं, एवढं त्यांनी लिवून द्यावं. मी त्यो कागद देवाच्या पायावर ठिवणार हाय. लेकराचं नाव माझ्या देवापुढं तरी नीट ऱ्हावं."

संयोगिता म्हणाली, "बिहारचा तो माणूस निघून गेला, फोन लागत नाही. यार्डातलं ते मशीनसुद्धा त्यांनी विकून टाकलं. आता फक्त शर्ट आहे. मावशी सांगतात, बाहीवर मशीनच्या दातऱ्यांच्या खुणा आहेत, ग्रीस आहे. तो तपासायला पाठवला की बाकी काही बोलावं लागणार नाही."

ट्रंकेतल्या शर्टावर यातलं काहीच उरलं नव्हतं, ते मला ठाऊक होतं. पण मास्तरांना ऐकायला कमी येतं, तोंडासमोर बोललं तरच कळतं. त्यांच्या कानावर 'शर्ट' एवढाच शब्द पडला. ते लगबगीनं आत गेले, ट्रंक उघडली आणि घडी घातलेला शर्ट दोन्ही हातांवर घेऊन बाहेर आले. एखादा मानाचा आहेर करावा तसे. "घ्या, हरणाबाई. बघा."

तिनं घडी मोडली. उजवी बाही बघितली. डावी बघितली. मग पुन्हा उजवी. "ह्यो दुसराच शर्ट हाय, मास्तर."

"त्योच हाय," मास्तर म्हणाले. तोंडावर हसू होतं. "न्हाई ना सापडत? कुणालाच न्हाई सापडायचं."

संयोगितानं माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली. तिला सगळं समजलं. ती हळूच म्हणाली, "धुतला पण?"

"मी धुतला," मी म्हणाले.

हरणाबाईला कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा ती ओरडली नाही, आणि तेच वाईट. ओरडली असती तर बरं झालं असतं. "माझं पोरगं कसं मेलं ते ह्यावर लिवल्यालं हुतं," ती म्हणाली. "मला वाचाय येत न्हाई, वैनी, पर एवढं वाचाय येत हुतं. आन तुमी दोघांनी मिळून ते पुसलं?"

मास्तर माझ्याकडे बघत होते. मग मी त्यांच्या कानाशी जाऊन एकेक शब्द मोठ्यानं सांगितला. नवऱ्याला असं काही सांगायची वेळ कुठल्या बाईवर येऊ नये.

तरी संयोगितानं प्रयत्न सोडला नाही, भाऊसो लिहून देईनात म्हणून कोर्टात दावा लावला. म्हणाली, मास्तरांनीच येऊन सांगायचं, शर्ट कुठं फाटला होता आणि कसा. सहा महिन्यांनी साताऱ्याला कोर्टात तारीख लागली. मास्तरांनी ठेवणीतला कोट घातला. गाडीत सारखं पुटपुटत होते, पाठ केल्यासारखं. "मनगटापासनं नऊ इंच. दातऱ्याच्या खुणा सात. तुकडं गेल्यालं तीन."

कोर्टात लिहून घेणाऱ्यानं विचारलं, "धंदा?"

"रफूगर."

"म्हणजे?"

मास्तरांनी समजावून सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि 'टेलर' असं लिहिलं. मास्तरांना ते कळलं असतं तर एरवी भांडले असते.

त्यांनी सगळं नीट सांगितलं. आकडे चुकले नाहीत. न्यायाधीश साहेबही मन लावून ऐकत होते. मला वाटलं, देव पावला. मग भाऊसोंचा वकील उठला. आवाज अगदी गोड. त्यानं शर्ट मास्तरांच्या पुढे ठेवला.

"आजोबा, काम फार सुंदर आहे. किती वर्षं करताय?"

"पंचेचाळीस."

"तुम्ही केलेला रफू लोकांना ओळखू येतो?"

हा प्रश्न दुसऱ्या कुणाला विचारला असता तर त्यानं सांभाळून उत्तर दिलं असतं. पण पंचेचाळीस वर्षं यांना हा प्रश्न विचारणाऱ्या प्रत्येकाला यांनी एकच उत्तर दिलंय. त्यांची मान ताठ झाली. माझ्या मनात आलं, नका हो, नका बोलू.

"दिसला तर त्यो रफू कसला?" मास्तर म्हणाले. "आजवर कुणाला दिसला न्हाई."

"म्हणजे हा शर्ट कधी फाटला होता की नाही, ते बघून कुणालाच सांगता येणार नाही."

तेव्हा यांच्या लक्षात आलं. "मला सांगता येतं की," म्हणाले. "मी दावतो. मी उसवून दावतो, सायेब." आणि कॉलरच्या मागे टोचून ठेवलेली सुई काढली. बाहीवर बोटं फिरवली, एक जागा धरली, सोडली, दुसरी धरली. भिंग घरी राहिलं होतं. वरच्या दिव्याच्या उजेडात त्या चौकड्यांवर त्यांचं बोट वर गेलं, खाली आलं. सगळे वाट बघत होते. शेवटी त्यांना धागा सापडला आणि त्यांनी सुई घातली, तर साहेब म्हणाले, "आजोबा, थांबा. आता तुम्ही जे भोक पाडाल ते तुम्हीच पाडलेलं असेल. त्याचा काय उपयोग?"

साहेब वाईट माणूस नव्हता. त्याचंही बरोबरच होतं. मास्तर सुई हातात धरून तसेच उभे राहिले. मागच्या बाकावरून हरणाबाई उठली आणि म्हणाली, "सायेब, माझ्या पोरानं भंडारा मोडला न्हाई, एवढं तरी लिवा." शिपायानं तिला खाली बसवलं. असलं काही कोर्टात लिहीत नाहीत.

माघात निकाल लागला. कामावर अपघात झाला हे शाबीत होत नाही. संयोगिता म्हणाली, वरच्या कोर्टात जाता येईल, पण तिथंही हाच शर्ट न्यावा लागेल. शर्ट कोर्टानं हरणाबाईला परत दिला.

आम्ही तिघं साताऱ्याच्या स्टँडवर बाकड्यावर बसलो होतो. तिची गाडी वेगळी, आमची वेगळी. येताना ती आमच्याशी एक शब्द बोलली नव्हती आणि बोलावं असं म्हणायला मला तोंड नव्हतं. मास्तर मधे बसले होते, हात गुडघ्यांवर. त्यांनी त्या तारखेनंतर सुई धरली नाही. गिऱ्हाईक आलं की ते आत जाऊन बसतात आणि मी काम होत नाही म्हणून सांगते. मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं आणि हरणाबाईकडे तर मुळीच नाही. आम्ही तिच्या पोरावर जीव लावला होता आणि त्या मायेच्या भरात त्याला मेल्यावर दारुडा करून ठेवलं. हे मी रोज स्वतःला सांगते. सांगून काही कमी होत नाही.

जतची गाडी लागली. हरणाबाई उठली नाही. तिनं पिशवीतून शर्ट काढला, मांडीवर पसरला आणि उजव्या बाहीवरून हात फिरवायला लागली. मनगटापासून वर, कोपरापासून खाली. मेंढराच्या अंगात काटा शिरल्यावर चाचपतात तशी, दाबून दाबून. मग डोळे मिटून पुन्हा फिरवला.

"मास्तर," ती म्हणाली. किती महिन्यांनी तिनं त्यांना हाक मारली. आवाजात राग उरला नव्हता. "कोर्टाचं ऱ्हाऊ द्या. माझ्या लेकराला मशीननं कुठं धरलं हुतं, तेवढं तरी मला दावा. मला हात लावायचाय तितं."

मास्तरांनी तिचं बोट आपल्या हातात घेतलं. या वेळी त्यांना शोधावं लागलं नाही. मनगटाच्या थोडं वर त्यांनी ते बोट टेकवलं आणि सावकाश कोपरापर्यंत नेलं, वाकडं, तिरकं, जसं फाटलं होतं तसं. "हितनं," ते म्हणाले. "हितनं असं. आन हितं तुकडा गेल्याला."

हरणाबाईनं तीन-तीनदा बोट फिरवून बघितलं. कंडक्टरनं घंटी मारली.

"हितं तर काय बी न्हाई, मास्तर," ती म्हणाली. "काय बी लागत न्हाई हाताला."